डाव्या हाताचं लाकूड

१

बंदुकीत गडबड आहे हे व्यंकटरावांना चहा यायच्या आत कळलं, आणि चहा आला तेव्हा तो त्यांनी तसाच ठेवला. बंदूक श्रीपादरावांची होती म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर दोन कप चहा ढोसून, वर मालकाला चार शब्द सुनावून ते घरी गेले असते.

व्यंकटरावांचा उभा जन्म सरकारी प्रयोगशाळेत बंदुका, काडतुसं आणि जखमा तपासण्यात गेला. कोण कशानं मेलं हे सांगता सांगता माणूस तिरसट होतो, तसे तेही झाले होते. निवृत्तीनंतर हौशी लोक त्यांना जुन्या बंदुकांची पारख करायला बोलवत. "जुनी आहे, अस्सल नाही," एवढं बोलून ते बहुतेकांचा दिवस नासवत आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

श्रीपादराव अंबडकर वकील होते, आणि व्यंकटरावांचे जिवाभावाचे मित्र. मागच्या फाल्गुनात ते गेले. परवाना त्यांच्याबरोबर संपला, तेव्हा त्यांची बर्मिंगहॅमची दुनळी बंदूक जुन्या शहरात मोतीरामच्या दुकानात जमा झाली. मोतीराम परवानाधारक विक्रेता, दुरुस्तीचं कामही तोच करी. आता हैदराबादचा एक संग्राहक ती बंदूक घ्यायला तयार होता, पण ती जशी घडली तशीच राहिलेली असेल तरच. म्हणून श्रीपादरावांच्या पत्नी सुलेखावहिनींनी फोन केला होता, "भावजी, तुम्हीच बघा. ह्यांची वस्तू नीट माणसाच्या हातात जाऊ दे."

नवखा माणूस आधी नक्षी बघतो. व्यंकटराव बंदूक मोडून बघत. मोतीरामनं पुढं ठेवलेल्या पेटीत तिचे तीन भाग होते. एक खटक्यासकट दस्ता, दुसऱ्या जोड नळ्या आणि तिसरा नळ्यांखाली बसणारा लाकडाचा तुकडा, नेम धरताना डाव्या हाताच्या पकडीत येतो तो. चांगला कारागीर तिन्ही भागांवर आतल्या अंगाला एकच आकडा ठोकतो. तो जुळला तर बंदुकीला मोल, नाही जुळला तर ती नुसती शोभेची काठी.

खटक्यावर एक आकडा होता. नळ्यांवर भलताच. लाकडावर आकडाच नव्हता.

व्यंकटरावांनी तिन्ही भाग जोडले आणि बंदूक दिव्यासमोर धरली. नळ्या आणि खटका यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ आली. मुळातली जोडणी असती तर केससुद्धा शिरला नसता. दस्त्यावरच्या जाळीदार खाचा पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाल्या होत्या, डाव्या हाताच्या लाकडावरच्या मात्र बोटांना टोचत होत्या. मग त्यांनी भिंग लावलं. खटक्याच्या नक्षीत तेलात मुरलेली हळद बसली होती आणि तिच्यावर कुंकवाचा थर. नळ्यांच्या कडेला नुसतंच कुंकू. हळद औषधालासुद्धा नव्हती.

"मोतीराम, ह्या नळ्या कुठल्या?"

"आपल्याकडं आली तशीच आहे साहेब. सील तुमच्यासमोर तोडलं की." मोतीरामनं नजर गल्ल्याकडं वळवली. "और सुनो साहेब, आपला धंदा असा आहे, मेलेल्या माणसाबद्दल बोलून चालत नाही."

"मेलेल्या माणसाचं नाव मी घेतलं नाही."

मोतीरामला एकदम काउंटर पुसायची आठवण झाली. व्यंकटरावांनी तिथूनच श्रीपादरावांच्या मुलाला, हिमांशूला, फोन लावला.

"हिमांशू, बंदूक अस्सल राहिलेली नाही. कुणीतरी हात मारलाय."

"मला वाटलंच होतं, काका," हिमांशू पटकन म्हणाला. "त्या त्रिंबकनंच नळ्या विकल्या असणार. उद्या सकाळी पडेगावला जातो. खोल्या खाली करतो का बघतो, नाहीतर तसाच चौकीवर जाऊन तक्रार देतो त्याच्या नावानं."

२

त्रिंबक म्हणजे अंबडकरांच्या पडेगावच्या शेतावरचा राखणदार. धनगराचा माणूस. स्वतःची मेंढरं होती तोवर वणवण फिरला, मग श्रीपादरावांनी त्याला शेतावर दोन खोल्या दिल्या आणि तो तिथलाच झाला. शिकार कायद्यानं बंद झाली तरी श्रीपादरावांची बंदूक तो लेकरागत पुसायचा. बंदुकीच्या पेटीची चावी त्याच्याकडंच असे. चोरी करायची तर जन्मभर संधी होती, मग म्हातारपणी कशाला केली असती? व्यंकटराव हाच विचार करत गारखेड्याला अंबडकरांच्या घरी पोचले.

सुलेखावहिनींना बातमी आधीच कळली होती. डोळे सुजलेले दिसत होते.

"त्रिंबक असं करील असं वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण हिमांशू म्हणतो तर..."

"हिमांशूचं राहू द्या. बंदुकीची पूजा कोण करायचं?"

"खंडेनवमीला? त्रिंबकच. त्याच्या खंडोबाचा भंडारा असायचा ना आपल्या इथल्या सातारा गावच्या देवळातला, तो लावायचा. ह्यांना कुंकू चालायचं नाही, डाग पडतो म्हणायचे. पण नंतर त्रिंबकनं सोडलंच. मग मीच करायला लागले. मला काय, सगळ्या शस्त्रांना कुंकू लावायची सवय. ह्यांनी पेटी उघडून खटका नि नळ्या पुढं करायच्या. मी वाकून कुंकू लावायची. तेव्हा मात्र कधी नको म्हणाले नाहीत."

"त्रिंबकनं का सोडलं?"

"बिभीषणचा हात कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडला ना, त्याच्या मुलाचा. त्या वर्षापासून. देवावरचं मन उडालं असेल बिचाऱ्याचं. ह्यांनीच दवाखान्यात नेला होता, सगळा खर्च केला. फार जीव होता ह्यांचा त्या लोकांवर."

भंडाऱ्याची हळद कधी थांबली आणि कुंकू कधी सुरू झालं, ते व्यंकटरावांना कळलं होतं. म्हणजे नळ्या बदलल्या त्याही तेव्हाच, श्रीपादराव जिवंत असताना. आणि श्रीपादराव असा माणूस की बंदुकीवर माशी बसली तरी त्यांना कळायचं.

तेवढ्यात हिमांशू आला. मोठा वास्तुविशारद, गोड बोलणारा. लहानपणी व्यंकटरावांच्या खांद्यावर बसून तो जत्रेत फिरला होता.

"काका, मी आईला आधीच सांगत होतो. ही ब्याद पोलिसांकडं देऊन टाकू, ते नष्ट करतात. पारख नको नि गिऱ्हाईक नको. ऐकलं नाही."

"वडिलांची एवढी चांगली बंदूक नष्ट करायची?"

"लोखंड ते लोखंड. जमिनीचा सौदा ठरतोय, त्रिंबक खोल्या सोडायला तयार नाही. म्हणतो मालकांनी शब्द दिलाय. कसला शब्द? कागद आहे का काही? आता चोर म्हणून तरी जाईल."

बोलताना त्याचा आवाज जराही चढला नाही. व्यंकटरावांना त्या मऊ आवाजाची शिसारी आली, आणि ते पडेगावकडं निघाले.

३

त्रिंबक खोलीच्या दाराशी बसला होता. त्याची बायको म्हाळसाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. बिभीषण पलीकडं दोर वळत होता, दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून.

"रामराम साहेब. कळलं आमाला," त्रिंबक म्हणाला. "हिमांशूदादाचा फोन आला व्हता."

"मग बोल की. तू विकल्यास नळ्या?"

"नाय."

"कुणी बदलल्या, माहीत आहे?"

त्रिंबकनं जमिनीवरची काडी उचलून मोडली. "त्ये नाय सांगता यायचं."

"अरे, उद्या तुझ्या नावानं तक्रार होईल. म्हातारपणी चौकीत बसवतील तुला. ह्या खोल्या जातील, बायको रस्त्यावर येईल. कळतंय का?"

"लई कळतंय साहेब. चोर म्हणायचं तर म्हणू द्या. म्या काय बोलणार नाय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच की ह्या माणसानं आपलं तोंड आपणच दाबून धरलं होतं. व्यंकटरावांना दया आली नाही, राग आला. अशा खऱ्या माणसांच्या जिवावरच खोट्यांचे बंगले उभे राहतात, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं.

ते उठून बिभीषणजवळ गेले. "कोणता हात रे तुझा?"

"हा डावा," बिभीषण म्हणाला आणि हात मागं घ्यायला लागला. व्यंकटरावांनी तो धरला. अंगठा शाबूत, दोन बोटं नाहीत, तळव्याला ओढून शिवल्यासारखा व्रण. ते हात उलटा करून उन्हात बघत राहिले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखाली निळसर काळे ठिपके होते, गोंदवल्यासारखे.

"कुट्टीत गेली म्हणे बोटं."

"व्हय," बिभीषण बापाकडं बघत म्हणाला.

व्यंकटरावांनी त्याचा हात हळूच सोडला. असे हात त्यांनी नोकरीत बरेच बघितले होते. कडबा कुट्टी बोटं तोडते, पण ती माणसाच्या कातडीत बंदुकीची दारू पेरत नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमांशूची गाडी शेतावर आली. सुलेखावहिनी बरोबर होत्या, व्यंकटरावांनीच त्यांना येण्याचा आग्रह केला होता. व्यंकटराव बाजेवर बसले होते.

"बरं झालं काका, तुम्ही आधीच आलात," हिमांशू म्हणाला. "तुमच्यासमोरच विचारतो त्याला."

"तू नंतर विचार. आधी मी बोलतो." व्यंकटराव उठले नाहीत. "वहिनी, चोरानं बंदुकीच्या नळ्या विकल्या असं हिमांशू म्हणतो. ठीक. पण डाव्या हाताचं लाकूडही बदललेलं आहे. नळ्यांना गिऱ्हाईक मिळेल एखादं. त्या वीतभर लाकडाला कोण विचारतो? चोर त्याला हात लावणार नाही. नळ्या आणि ते लाकूड एकदमच जातात ते एकाच कारणानं. नळी फुटली की तिच्याखालचं लाकूड फुटतं. आणि लाकूड फुटतं तेव्हा त्याला धरलेला डावा हातही."

बिभीषणनं हात सदऱ्याखाली घेतला.

"खटक्यावर खाली त्रिंबकचा भंडारा आहे, वर तुमचं कुंकू. नळ्यांवर नुसतंच कुंकू. म्हणजे त्रिंबकची पूजा बंद झाली तेव्हा ह्या नळ्या आल्या. आणि पूजा बंद झाली ती ह्या पोराची बोटं गेली त्या वर्षी. त्याच्या हातात दारूचे कण आहेत, वहिनी. कुट्टीबिट्टी काही नाही. श्रीपाद त्या बंदुकीत फक्त हलकी काडतुसं वापरायचा, नळ्या जुन्या म्हणून. कुणीतरी तिच्यात हल्लीची जोरकस काडतुसं भरली आणि बंदूक बिभीषणच्या हातात दिली."

"कुणीतरी म्हणजे कोण?" हिमांशूनं विचारलं.

"काल फोनवर मी म्हणालो, बंदूक अस्सल राहिली नाही. दस्ता, खटका, नक्षी, काहीही असू शकलं असतं. नळ्या हे तू म्हणालास. मी शब्दही काढला नव्हता. म्हणून तर तुला पारख नको होती, बंदूक वितळवून हवी होती. चोराच्या उलट्या बोंबा बाबा, दुसरं काय."

हिमांशू हसला. घाम मात्र फुटला होता. "छान गोष्ट आहे. पुरावा? ठिपके? त्रिंबकलाच विचारा की. सांग रे, बोटं कशात गेली?"

त्रिंबकनं मान वर केली नाही. "कुट्टीत."

"आणखी एकदा सांग," व्यंकटराव म्हणाले.

"कुट्टीतच गेली, साहेब. बंदुकीचा काय संबंध नाय."

व्यंकटराव म्हाताऱ्यासाठी भांडत होते, आणि म्हाताराच त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेत होता. हिमांशूनं गाडीची किल्ली खिशातून काढली. "चला मग. मी चौकीवर जाऊन येतो."

"थांबा दादा," म्हाळसाबाई म्हणाली.

तिनं पदर खोचला आणि ती गोठ्यात गेली. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पोत्यात गुंडाळलेली लांबडी वस्तू होती. ती तिनं बाजेवर व्यंकटरावांच्या पुढ्यात टाकली.

त्रिंबक ताडकन उठला. "म्हाळसे, ते विहिरीत टाकायला सांगितलं व्हतं तुला."

"सांगितलं व्हतं. म्या नाय टाकलं."

पोत्यात जोड नळ्या होत्या, गंजलेल्या. डावी नळी मधोमध उकललेली, पत्रा कमळासारखा बाहेर वळलेला. व्यंकटरावांनी रुमालानं आतलं अंग पुसलं. गंजाखालून आकडा वर आला, खटक्यावरचाच.

"म्हाळसे, गप," त्रिंबक ओरडला. "म्या खंडोबाम्होरं बेलभंडारा उचललाय."

"तुमी उचलला. मला कुणी उचलायलाच लावला नाय," म्हाळसाबाई म्हणाली. "मालकांनी तुमाला देवासमोर नेलं, बिभीषणला नेलं. म्या चुलीपाशी व्हते. बाईमाणूस कशाला बोलतंय, वाटलं असंल." ती सुलेखावहिनींकडं वळली. "बाई, हिमांशूदादा दोस्तांना घेऊन आले व्हते. मक्यात डुकरं शिरली व्हती. काडतुसं दादांनीच भरली. म्हणले, बिभीषण, तू मार, मी फोटो काढतो. बार झाला नि माजं पोर रगतात पडलं. दादा गाडीत बसून गेले. मालक रातच्याला आले. म्हणले, दादाचा जलम वाया जाईल, तुमी गप ऱ्हावा, ह्या खोल्या तुमच्या."

५

सुलेखावहिनींनी मुलाला काही विचारलं नाही. त्या व्यंकटरावांना म्हणाल्या, "ह्यांना सगळं माहीत होतं?"

खोटं बोलायला ती एक जागा होती. व्यंकटरावांना ते जमलं नाही. "दुसऱ्या नळ्या मोतीरामकडून श्रीपादनंच बसवून घेतल्या असणार, वहिनी. परवाना त्याच्या नावावर होता. दुसऱ्या कुणाला मोतीरामनं दारात उभं केलं नसतं."

"म्हणून कुंकू लावताना गप्प बसायचे," वहिनी पुटपुटल्या, आणि जाऊन गाडीत न बसता बांधावर बसल्या. हिमांशू त्यांच्याकडं दोन पावलं गेला. त्यांनी तोंड फिरवलं तसा तो तिथंच थांबला.

व्यंकटराव श्रीपादरावांचा विचार करत होते. एवढा मोठा वकील, जन्मभर दुसऱ्यांच्या न्यायासाठी भांडला, आणि घरात गुन्हा घडला तेव्हा एका गरीब माणसाच्या देवाचं कुलूप करून त्याच्या तोंडाला लावलं. वर त्याच माणसानं पुसलेली बंदूक रोज छातीशी धरली. मित्र म्हणून त्यांनी मिरवलं होतं त्याला. आता कुठल्या तोंडानं मिरवायचं?

"आता तक्रार मी देतो," ते हिमांशूला म्हणाले. "ह्या नळ्या घेऊनच चौकीवर जातो. त्रिंबकच्या नावाला कुणी बोट लावायचं नाही. आणि ह्या खोल्यांना तर नाहीच."

"नका साहेब," त्रिंबक म्हणाला.

तो थरथरत होता. व्यंकटरावांना वाटलं, सुटकेनं.

"काय मिळवलंत तुमी?" त्रिंबक म्हणाला. "म्या चोर म्हणून गेलो असतो तर एकटा गेलो असतो. मालकाचं नाव ऱ्हायलं असतं. मेल्या माणसाला खोटं पाडलं तुमी. त्यांनी मला छप्पर दिलं, भाऊ म्हणून हाक मारली. त्यांच्यापायी देवाम्होरं शब्द दिला व्हता म्या, नि माज्याच घरातून त्यो मोडला. आता ह्या खोलीत नाय ऱ्हायचो. फुलंब्रीला जाईन हिच्या भावाकडं, मेंढरं राखीन."

म्हाळसाबाई शेळ्यांकडं वळली. तिला जे बोलायचं होतं ते तिचं बोलून झालं होतं. आयुष्यभर व्यंकटरावांनी मेलेल्यांची बाजू मांडली होती, पण मेलेल्याची बाजू घेऊन जिवंतपणी स्वतःला गाडून घेणारा माणूस त्यांच्यापुढं पहिल्यांदाच उभा होता.

तेव्हा बिभीषण बोलला. तो सावकाश आला आणि बापासमोर उकिडवा बसला.

"मालकाचं नाव. मालकाचा शब्द," तो म्हणाला. "सोयरीक मोडली माजी, आबा. पोरीकडचे माजा हात बघून माघारी गेले, तवा तुमी त्यांना चहा करून पाजला नि कुट्टीची गोष्ट सांगितली. म्या ऐकत व्हतो. बोटं माजी व्हती. देवाला शब्द देताना मला इचारलंत का? नुसता हात धरून भंडाऱ्यात घातलात माजा. त्यो बी ह्योच हात, पट्टी बांधलेला."

त्रिंबकनं मुलाच्या हाताकडं बघितलं. मग त्यानं डोक्याचा पटका काढला, त्यात तोंड घातलं, आणि तो म्हातारा सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागला.